ओढा अरुंद करण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

प्लॉट ओढ्याकाठी असेल आणि त्याच्या पूररेषेचा अहवाल तुम्हाला लिहायचा असेल तर घाबरून जाऊ नका. ओढ्याला लेखी उत्तर देता येत नाही, आणि पूररेषा शेवटी माणसंच आखतात.

सुरुवात पावसापासून करा. समजा पाणलोट, म्हणजे ज्या भागातलं पावसाचं पाणी ओढ्यात येतं तो, १० चौरस किलोमीटर, ओढ्याची लांबी ६ किलोमीटर आणि उतार २ टक्के. टोकावरचं पाणी खाली यायला साधारण ७० मिनिटं लागतात, म्हणून खरं तर त्या ७० मिनिटांतल्या मुसळधार सरीचा जोर धरायचा असतो. तुम्ही तसं करू नका. दिवसभराचा १२० मिमी पाऊस घ्या, त्याला २४ ने भागा. ताशी ५ मिमी! इतक्या पावसात छत्रीसुद्धा उघडावीशी वाटत नाही.

मग अपवाह गुणांक, म्हणजे पडलेल्या पावसातला किती वाटा वाहून येतो तो आकडा. वरच्या अंगाला टेकडीफोड होऊन सोसायट्या झाल्या असतील, पण जुन्या टोपोशीटवर (सर्वेक्षणाच्या नकाशावर) तिथे अजून शेत आहे, तेव्हा ०.८ ऐवजी ०.४ घ्या. गुणाकार केला की सेकंदाला साडेपाच घनमीटर येतात. हेच गणित ताशी ६० मिमी आणि ०.८ धरून केलं तर १३३ येतात, म्हणून ते करायचंच नाही. मोठ्या पुराचा अंदाज देणारं इंग्लिसचं सूत्र तर चुकूनही काढू नका. पश्चिम घाटाच्या पाणलोटांवरून बसवलेलं असल्यामुळे ते १० चौरस किलोमीटरला २७० च्या वर आकडा देतं. साडेपाच घनमीटर मात्र ९०० मिमी व्यासाच्या तीन ह्यूम (काँक्रीटच्या) पाइपांतून सेकंदाला ३ मीटर वेगाने सुखरूप जातात. पाइपांच्या तोंडाशी गादी, थर्माकोल आणि बाभळीची फांदी अडकते ती पावसाळ्यात. तुमचा अहवाल मार्चमधला.

वरिष्ठ फारच खोदून विचारू लागले आणि आकडा वाढवावा लागला, तरी मॅनिंगचा गुणांक, म्हणजे पात्राच्या खडबडीतपणाचा आकडा, हाताशी आहेच. झुडपं-राडारोड्याने भरलेल्या ओढ्याला ०.०५ शोभतो, तुम्ही गुळगुळीत काँक्रीटचा ०.०१५ लिहा. रुंद पात्रात ३ मीटरची खोली कागदावर दीड मीटरच्या आत येते. एवढं पाणी फक्त पेनाने उतरवणं पंपालाही जमत नाही.

पूररेषा दोन, निळी आणि लाल. निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदाचा पूर किंवा पात्राच्या वहनक्षमतेच्या दीडपट विसर्ग, यातलं जे जास्त ते. यात क्रम महत्त्वाचा आहे : आधी भराव, मग मोजणी. पात्र निम्मं झालं की दीडपटही निम्म्याचीच. पात्राचे आडवे छेद दर ५० मीटरला न घेता जिथे ओढा ऐसपैस आहे तिथेच घ्या, पूल आणि वळणं वगळा. नदीशी संगमावर नदीची पातळी उन्हाळ्यातली धरा. धरणातून विसर्ग सुरू असताना नदी ओढ्याचं पाणी मागे लोटते, पण ती नदीची बाजू झाली.

कुणी २५ सप्टेंबर २०१९ चं नाव काढेलच. त्या रात्री कात्रजकडून आंबिल ओढा अरण्येश्वर, दांडेकर पुलापर्यंत वस्त्यांत शिरला आणि पुणे परिसरात वीसहून जास्त माणसं गेली. 'अपवादात्मक घटना' असा शेरा मारा. लाल रेषेचा पूर शंभर वर्षांतून एकदा येतो, म्हणजे एक येऊन गेला की पुढची ९९ वर्षं निवांत, असं ग्राहकाला पटवणं अवघड नाही. प्रत्यक्षात तो दरवर्षी तेवढ्याच शक्यतेने येऊ शकतो. निळ्या रेषेचा पूर तर २० वर्षांच्या गृहकर्जात निदान एकदा येण्याची शक्यता ५६ टक्के. बँक विचारत नाही, तेव्हा तुम्ही सांगू नका.

अहवालाच्या शेवटी 'नाल्याची सफाई नियमित होत राहील असे गृहीत धरले आहे' हे वाक्य टाकायला विसरू नका. उद्या काही झालंच तर पालिका आहे. तळघरात पार्किंग, त्यात पाणी उपसायचे दोन पंप. त्यांचा स्टार्टर आणि सोसायटीचे वीजमीटरही तिथेच बसवा, केबल कमी लागते.