मणक्याच्या पेशंटची लघवीची गोळी बंद करा म्हणणाऱ्या मेसेजबद्दल

आत्यानं फॅमिली ग्रुपवर टाकलेला मेसेज वाचून मणक्याला मार लागलेल्या माझ्या लहान भावानं चार दिवस गोळी घेतली नाही, कोणाला न सांगता. मेसेज असा: मणक्याला मार लागलेल्यांनी ऑक्सिब्युटिनिन, सोलिफेनासिन वगैरे गोळ्या लगेच बंद करा, त्या लघवी अडवून किडनी सडवतात, पोट दाबून लघवी काढा, पाणी कमी प्या, नळीची सवय लागते. अर्ध्या नागपुरात हाच फिरून राहिला आहे वाटते.

पहिले किडनीचं, कारण हे साफ उलटं आहे. मणक्याला मार लागल्यावर मूत्राशय मेंदूचं ऐकत नाही, थोडी लघवी भरली की आपोआप आवळतं, आणि बऱ्याच जणांचं त्याच वेळी खालचं तोंडही आवळतं, मग आतला दाब वर किडनीवर जातो. गोळी ते आवळणं कमी करते. हो, लघवी आत थांबते, तेच तिचं काम आहे, साठलेली मग दर चार-सहा तासांनी नळीनं (कॅथेटरनं) काढायची असते, आणि हे दुसरं अर्धं मेसेजमध्ये गायब. आमच्या बाथरूमच्या दाराला वही लटकवली आहे, दरवेळी किती एमएल निघाली ते लिहितो. गोळी चालू असताना 350, 400 आणि मधल्या वेळात कपडे कोरडे. त्या चार दिवसांत 120, 90, 150, आई रात्रीतून दोनदा चादर बदलून राहिली होती आणि ह्याला वाटलं लघवी मोकळी झाली, फायदा झाला!

पोट दाबायला काहून सांगतात? आधीच दाब जास्त, त्यात वरून आणखी. युरोपियन असोसिएशन ऑफ युरोलॉजीची गाइडलाइन हे टाळायलाच सांगते, आणि याच गोळ्या पहिल्या इलाजात धरते.

ही ठरावीक वेळानं नळी घालून लघवी काढायची पद्धत अमेरिकेत डॉ. जॅक लॅपिडिस यांनी 1972 मध्ये मांडली, तेव्हापासून चालू आहे, कायम आत ठेवलेल्या नळीपेक्षा हिच्यात त्रास कमी. पाणी कमी प्यायचं म्हणजे आपल्या 45 डिग्रीच्या मे महिन्यात मुतखडा ओढवून घ्यायचा.

एक गोष्ट खरी आहे, मानावीच लागते. या गोळ्यांनी तोंड सुकतं, पोट साफ होत नाही (मणक्याच्या पेशंटला तो त्रास आधीच असतो), म्हाताऱ्या माणसांना विसरायला होऊ शकतं. मग डॉक्टरला सांगा ना, डोस बदलतात, मिराबेग्रॉन नावाची दुसरी गोळी देऊन पाहतात, नाहीच जमलं तर मूत्राशयाचं आवळणं कमी करायला त्यात बोटॉक्सचं इंजेक्शन असतं. मनानं बंद करू नका.

आत्या, त्याच्यासाठी तुझा जीव तुटतो हे मला माहीत आहे. पण तो मेसेज ज्या-ज्या ग्रुपवर टाकला तिथे आजच हे पण टाक.