मंजुलिका भूत नव्हती!

काल रात्री नऊ वर्षांच्या भाच्यानं ‘भूलभुलैया’ पाहिला. पहिला, २००७चा, प्रियदर्शनचा. संपल्यावर तोंड वाकडं करून म्हणतो, "मावशी, यात भूतच नाहीये! फसवलं." साहेबांनी आधी २०२२चा दुसरा भाग पाहिलाय ना. त्यात खरंखुरं भूत आहे.

पोराचा काय दोष? पण सकाळपासून डोकं तापलंय माझं. अरे, भूत नाही, स्वतःला मंजुलिका समजणारी बाई मनानं आजारी आहे, हाच तर त्या गोष्टीचा जीव होता! १९९३ला फाजिलनं मल्याळममध्ये मूळ सिनेमा केला, तेव्हापासून. मोहनलाल मानसोपचारतज्ज्ञ, शोभना पेशंट, आणि तिला त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार. आणि आपण तिचं पुन्हा भूत करून तिकिटं विकली.

मला हे का झोंबतं, तर धाकटी आत्या. लग्नाला सहा महिने झाले आणि रात्री-अपरात्री तिचा आवाज बदलायला लागला. थोरल्या दिरांना अरे-तुरे, शिव्या. "बाहेरचं आहे" म्हणून माहेरी आणून सोडली. मग भगत, अंगारा, लिंबं. सोप्यातल्या खांबाला बैलाच्या कासऱ्यानं बांधून मिरचीची धुरी दिली तिला. वर सगळ्यांचा संशय काकूवर, हिनंच करणी केली म्हणून. सिनेमात राधावर (अमिषा पटेल) जातो ना, अगदी तस्साच. काकू आठ दिवस धड जेवली नव्हती.

जादूटोणाविरोधी कायदा आला २०१३ला, तोही दाभोलकरांना गोळ्या घातल्यावर. त्याची अनुसूची उघडून बघा. पहिल्याच नोंदीत दोरखंडानं बांधणं आहे, मिरचीची धुरी आहे. मी वाचलं तेव्हा वाटलं, आमच्याच सोप्यात बसून लिहिलंय कुणीतरी.

हो, माहितीय, पहिल्या भागातही डॉक्टर एका रात्रीत नाटक रचून बरं करतो, आणि मदतीला आचार्य लागतातच. (विक्रम गोखले काय शोभलेत पण!) खऱ्या दवाखान्यात असं काही होत नाही. आत्याला एका नातेवाइकानं एसटीत घालून जिल्ह्याच्या डॉक्टरांकडे नेलं, त्यानंतर हसायला लागेपर्यंत वर्ष गेलं. गोळ्या ती कुंकवाच्या रिकाम्या करंड्यात ठेवायची, शेजारणींना कळू नये म्हणून. अजूनही तिथेच ठेवते.

आजीवर मात्र राग धरता येत नाही. भगताला द्यायला तिनं स्वतःच्या पाटल्या मोडल्या होत्या. डॉक्टर असतो हेच तिला ठाऊक नव्हतं. आपल्याला ठाऊक आहे ना पण?

हा पहिला भाग टीव्हीवर पहिल्यांदा लागला तेव्हा आत्या आमच्याकडेच होती. विद्या बालन एका हातानं पलंग उचलते, तिथे खुदकन हसली. "मी पण बाज उचललेली म्हणे." मग जरा वेळानं, हळूच, "हिला बांधत नाहीत का गं कुणी?"

मी स्वयंपाकघरात निघून गेले.

रविवारी ती येतेय. भाच्याला तिच्याशेजारी बसवून पहिला भाग पुन्हा लावणार आहे. मघाशी फोनवर विचारलं, चालेल ना? म्हणाली, "लाव की. आवाज तेवढा बारीक ठेव, ते बंगाली गाणं लागलं की दचकायला होतं मला."