‘झाडाला ऊन कधीच जास्त होत नाही’ या दाव्याचा प्रतिवाद

उन्हाळी भाजीपाल्याची लागण जवळ आली की बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या शेतकऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश फिरू लागतो. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: झाडाला ऊन कधीच जास्त होत नाही, पान पांढरे पडते ते केवळ उष्णतेने आणि पाण्याच्या कमतरतेने, दुपारी पानावर पडलेले पाण्याचे थेंब भिंगासारखे ऊन एकवटून पान जाळतात, आणि उन्हाने बाधलेले रोप सुधारत नसल्यामुळे ते उपटून टाकावे. यातले एकही विधान जसेच्या तसे टिकत नाही.

पहिले विधान अर्धसत्य आहे. निरभ्र दुपारी एक चौरस मीटर जागेवर दर सेकंदाला सुमारे 2000 मायक्रोमोल (प्रकाशकण मोजण्याचे एकक) इतके उपयोगी प्रकाशकण पडतात. मिरची, वांगी, टोमॅटो, तंबाखू किंवा भात यांचे एकटे पान साधारणपणे याच्या पाव ते निम्म्या प्रकाशातच अन्ननिर्मितीचा कमाल वेग गाठते. ऊस आणि मका यांची मर्यादा बरीच वर असते, आणि दाट पिकात खालच्या पानांपर्यंत ऊन कमीच पोचत असल्याने बांधावरच्या झाडाच्या सावलीत उत्पन्न घटते, हेही मान्य केले पाहिजे. परंतु वरच्या पानातले हरितद्रव्य गरज भागली म्हणून प्रकाश शोषण्याचे थांबत नाही. ही उरलेली ऊर्जा ऑक्सिजनकडे गेली की त्याची अतिशय क्रियाशील रूपे तयार होतात आणि ती पेशीतली प्रथिने, मेद व रंगद्रव्ये यांचा नाश करतात.

नुकसान उष्णतेनेच होते, हे म्हणणे तर थंडीतली पिके पाहिली तरी टिकत नाही. गार रात्रीनंतरच्या लख्ख सकाळी कार्बन डायऑक्साइड बांधणारी विकरे (पेशीतल्या रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिने) मंदावलेली असतात, हरितद्रव्याचे शोषण मात्र मंदावत नाही. म्हणून काकडीसारख्या उष्ण हवामानाच्या पिकाला अशा सकाळचे ऊनही बाधू शकते. पाण्याचा संबंध आहे, पण तो वेगळा: ताण पडला की पर्णरंध्रे मिटतात, कार्बन डायऑक्साइड आत येत नाही आणि वापराविना उरणारी ऊर्जा आणखी वाढते.

थेंबांच्या भिंगाबद्दल फार लिहायला नको. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या हंगेरीतील संशोधनात गुळगुळीत पानांवरील थेंबांनी पान भाजत नसल्याचे दिसले; लवदार पानांवर, जिथे थेंब लवेवर अधांतरी राहतो, तिथे मात्र तशी शक्यता आढळली.

चौथे विधान मला सर्वांत घातक वाटते, कारण त्यापायी जगू शकणारी रोपे फेकली जातात. अतिप्रकाशाचा पहिला घाव पानात प्रकाशाची ऊर्जा वापरणाऱ्या प्रकाशप्रणाली 2 या यंत्रणेच्या गाभ्यातील डी1 नावाच्या प्रथिनावर बसतो, आणि तो प्रखर उन्हातच नव्हे तर मंद प्रकाशातही, प्रकाशाच्या प्रमाणात, सतत बसत असतो. पेशी मोडलेले डी1 कापून काढते, हरितलवकातच नवे घडवते आणि त्याच जागी बसवते. कडक उन्हात हा फेरा तासाभराच्या आसपास पुरा होऊ शकतो. घाव दुरुस्तीपेक्षा वेगाने बसू लागले, तरच पानाची क्षमता घसरते. त्याआधीही बचाव असतोच: काही मिनिटांत व्हायोलाझँथिन या रंगद्रव्याचे झियाझँथिन होते आणि जादा ऊर्जा निरुपद्रवी उष्णतेच्या रूपात बाहेर टाकली जाते. ढग आल्यावर हा बचाव सैल पडायला वेळ लागतो, तोवर कामाची ऊर्जाही उष्णता बनून जाते आणि उत्पादन बुडते. तीन जनुकांत बदल करून बचाव सैल पडण्याचा वेग वाढवल्यावर तंबाखूचे वजन सुमारे 15 टक्क्यांनी वाढल्याचे अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या संशोधकांनी 2016 साली दाखवले. निपाणीच्या शेतकऱ्याला तरी हे उदाहरण परके वाटू नये.

शेडनेटखालून एकदम उघड्यावर आणलेल्या वांग्याच्या रोपाकडे नीट पाहावे. सावलीत वाढलेल्या जुन्या पानावर शिरांच्या मधला भाग पांढरट, कागदासारखा होतो. त्या पेशी मेलेल्या असतात आणि तो डाग पुन्हा हिरवा होत नाही. पण शेंडा जिवंत असेल, तर उन्हातच फुटलेले नवे पान अधिक जाड आणि त्या उन्हाला तोंड देणारे निघते. म्हणून रोप उपटण्याआधी शेंडा तपासावा, आणि पुढच्या खेपेला लागणीपूर्वी आठवडाभर जाळी रोज थोडा अधिक वेळ, आधी सकाळच्या उन्हात, उघडी ठेवावी.