फरशीवरचा गठ्ठा

आज डोकं फिरलंय, त्यामुळे पोस्ट लांबणार आहे.

सकाळी एका वाचनालयाच्या कादंबरी पुरस्काराच्या निवड समितीची बैठक होती, मीही त्या समितीत आहे. आलेल्या पुस्तकांचे दोन गठ्ठे करून ठेवले होते. एक टेबलावर, दुसरा खाली फरशीवर, भिंतीला टेकवून. खालचा कसला म्हणून विचारलं तर उत्तर आलं, "ती स्वतःच्या पैशाने काढलेली आहेत मॅडम, त्यात काय बघायचं?" मग एका ज्येष्ठ सरांनी त्यातलं सगळ्यात वरचं उचललं. काळं मुखपृष्ठ, लाल अक्षरं, दोन सुळे. मागचा मजकूर त्यांनी नाटकातल्या राक्षसाचा आवाज काढून वाचून दाखवला. सगळे हसले. तेवढ्यात चहा आला आणि पुस्तक परत खाली गेलं. आतलं एक पानही कुणी उलटलं नाही.

मला हे सहन होत नाही. प्रवेशिका तुम्ही मागवल्यात. त्या माणसाने प्रती पाठवल्या, टपालखर्च केला, सोबत चार ओळींचं नम्र पत्र जोडलं. मागवायचं आणि फरशीवर ठेवायचं, ही कुठली रीत?

मला राग आला की ते साखर कारखान्यातले काका आठवतात. इथे काहींना त्यांच्याबद्दल सांगितलंय, पुन्हा सांगते. आमच्या भागातल्या एका सहकारी कारखान्यात ते बॉयलर अटेंडंट होते. आयुष्यभर पाळ्या केल्या, निवृत्त झाले आणि ग्रॅच्युइटीतले पैसे घालून त्यांनी एक कादंबरी छापली. गठ्ठे पलंगाखाली. एक प्रत फिरत फिरत माझ्याकडे आली. मुखपृष्ठावर इंटरनेटवरून उचललेलं विमानाचं चित्र, तेही ताणलेलं. पहिल्या पानावर शुद्धलेखनाच्या चुका. कुणीही तिथेच मिटलं असतं.

आत काय होतं सांगू? 1863 साली बोरघाटातून रेल्वे सुरू झाली, तिथून काकांची कल्पना सुटते. घाट चढायला रुळांऐवजी वाफेवरची हवाई जहाजं, जळण उसाच्या चिपाडाचं, कामाला मावळातली माणसं. याला इंग्रजीत स्टीमपंक म्हणतात, हे त्यांना पुतण्याने नंतर सांगितलं. त्यांनी लिहिली ती त्यांना ठाऊक असलेली वाफ. कादंबरीच्या ऐन मध्यावर एक प्रसंग आहे. जहाज दरीवर आहे. गेज ग्लासमध्ये, म्हणजे बॉयलरमधलं पाणी दाखवणाऱ्या काचेच्या नळीत, पाणीच दिसत नाही. नवीन पोरगं घाबरून फीड पंपाकडे, म्हणजे बॉयलरला पाणी देणाऱ्या पंपाकडे, धावतं आणि म्हातारा फोरमन त्याच्या हातावर फाडकन फटका मारतो. कारण पाणी उतरून पत्रा लाल तापलाय. त्यावर गार पाणी पडलं तर एका दमात वाफ होऊन बॉयलर फुटेल. आधी भट्टीतली आग बाहेर ओढायची, हा नियम. पण आग ओढली तर जहाज दरीत जाणार. चार पानं दोघं त्या नळीसमोर उभे आहेत. चार पानं! मी रात्री दोन वाजता उठून बसले होते.

या प्रकारातली इंग्रजी पुस्तकं मी भरपूर वाचलीत. पितळी चष्मे, लांब कोट, टोपीला चिकटवलेली गिअर्स, आकाशात जहाजं. वाफ असते ती बहुतेक शोभेला. दाब किती, पाणी किती, जळण कुठून येतं, फावडं कोण मारतं, हे विचारायचं नाही. आणि इथे एक माणूस, ज्याने जन्मभर त्या नळीकडे बघितलंय, तो मराठीत हे लिहितो आणि आपण त्याचं मुखपृष्ठ बघून हसतो.

बरं, बहुतेक स्वप्रकाशित पुस्तकं वाईट असतात, हे मान्य. मीच वाचते, मला सांगू नका. संपादकाचा हात लागलेला नसतो, पात्रांची नावं मध्येच बदलतात, आणि ई-बुकांच्या बाजारात तर इतका कचरा ओतला जायला लागला की 2023 मध्ये अ‍ॅमेझॉनने एका लेखकाला दिवसाला तीनच नवी पुस्तकं टाकता येतील असा नियम केला. तीन! दिवसाला! पण बहुतेक वाईट आहेत म्हणूनच तर वाचणारा माणूस लागतो ना? सगळी चांगली असती तर समिती कशाला हवी होती?

परदेशात मार्क लॉरेन्स नावाच्या फँटसी लेखकाने 2015 मध्ये याच प्रश्नाला हात घातला. स्वप्रकाशित फँटसी कादंबऱ्यांचीच स्पर्धा. तीनशेच्या आसपास पुस्तकं, परीक्षकांचे दहा गट, प्रत्येकाच्या वाट्याला तीसेक. प्रत्येक गटाने त्यातून एकच पुढे पाठवायचं आणि मग ती दहा सगळ्यांनी वाचून गुण द्यायचे. पैशाचं बक्षीस नाही. तरी वर्षानुवर्षं लेखक रांग लावतात, कारण तिथे कुणीतरी वाचतं. हो, तीसही मुखपृष्ठापासून मुखपृष्ठापर्यंत वाचली जात नाहीत. परीक्षक काही प्रकरणं वाचतात आणि दम नसला तर थांबतात. माझं त्याला काहीच म्हणणं नाही. उघडून, वाचून थांबा.

याच स्पर्धेत 2016 साली जोसाया बॅनक्रॉफ्टची 'सेनलिन असेंड्स' आली होती. एक मुख्याध्यापक नव्या नवरीला घेऊन बाबेलचा मनोरा बघायला जातो, पायथ्याच्या गर्दीत ती हरवते आणि तिला शोधत तो मजल्यामागून मजले चढतो. वाफेची यंत्रं आहेत, हवाई जहाजं आहेत. पहिल्याच फेरीत बाहेर पडली. पण लॉरेन्सने ती स्वतः वाचली, सगळीकडे तिचं कौतुक केलं, आणि 2018 मध्ये ऑर्बिटसारख्या मोठ्या प्रकाशनाने ती काढली. चुका तिथेही होतात. पण पुस्तक स्पर्धेत होतं, कुणीतरी उघडलं होतं, म्हणून दुसऱ्या कुणाला त्याच्यासाठी भांडता आलं. आमच्या फरशीवरच्या गठ्ठ्यासाठी कोण भांडणार?

आणि नाव-गाव-प्रकाशक बघून वाचायची खोड आपल्याकडे किती जुनी आहे, हे जयंत नारळीकरांना चांगलं माहीत होतं. 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने. अक्षर कुणी ओळखू नये म्हणून पत्नी मंगलाताईंकडून लिहून घेतली. पहिलं बक्षीस मिळालं. एवढा मोठा शास्त्रज्ञ, त्याला आपलं नाव झाकावंसं वाटलं, म्हणजे जे काय मिळेल ते कथेला मिळावं. मग ज्यांना नावच नाही, त्यांच्या पुस्तकांनाही तेवढाच न्याय द्या की. माझी सूचना साधी होती: सगळ्या पुस्तकांना वर्तमानपत्राचं कव्हर घाला, प्रकाशकाचं पान स्टेपल करा आणि मग वाचायला द्या. "एवढं कोण करत बसणार," म्हणाले.

(आत्ता पाणी पिऊन आले. थोडं शांत लिहिते.)

मला दुसऱ्या टोकाचाही तितकाच राग आहे. कुणी स्वतः पुस्तक काढलं की मित्रमंडळी "अप्रतिम!", "शब्द नाहीत!" लिहून मोकळी होतात. वाचलेलं नसतं. हाही अपमानच आहे. काकांच्या कादंबरीची पहिली दोन प्रकरणं म्हणजे नायकाच्या घराण्याची वंशावळ होती. मी त्यांना फोन करून सांगितलं, काका, ही दोन काढा, गोष्ट तिसऱ्यापासून सुरू होते. आणि तुमच्या जहाजावर एकही बाई नाही, घाटात रेल्वेच्या कामावर बायका नव्हत्या का? पलीकडे बराच वेळ शांतता. मला वाटलं, दुखावले. मग म्हणाले, "मॅडम, आजवर सगळ्यांनी छान आहे म्हणून सांगितलं. पान नंबर सांगून कुणी बोललं नव्हतं." काही महिन्यांनी त्यांचाच फोन आला, तेव्हा मॅडमची ताई झाले होते. "ताई, एक प्रकरण काढलं. दुसरं नाही काढणार, त्यात माझा आजा आहे." ठीक आहे. लेखक तो आहे. दुसरं प्रकरण अजूनही कंटाळवाणं आहे आणि हे मी त्यांना तोंडावर सांगते.

परीक्षण म्हणजे माझ्या लेखी हे आहे. अशा कादंबऱ्यांत मी भाषेच्या आधी एक बघते: लेखकाने आपल्या जगाला जो नियम घालून दिलाय, तो तो स्वतः पाळतो का? जादू असेल तर ती करणाऱ्याला काय मोजावं लागतं? ब्रॅम स्टोकरच्या 1897 च्या 'ड्रॅक्युला'त नियम आहे की घरातल्या कुणी बोलावल्याशिवाय तो रक्तपिपासू आत येऊ शकत नाही. एकदा बोलावलं की मग हवं तेव्हा येतो. सगळं भय त्या उंबरठ्यात आहे. नंतरच्या कितीतरी रक्तपिपासू कादंबऱ्यांत हा नियम सोयीने येतो आणि सोयीने जातो. तिथे मी गुण कापते, प्रकाशक कितीही मोठा असो.

आता त्या सुळ्यांच्या पुस्तकाबद्दल. तो गठ्ठा मी रिक्षात घालून घरी आणलाय आणि ती कादंबरी दुपारी उघडली. लेखिका तरुण आहे, पहिलंच पुस्तक, गोष्ट कोकणातल्या एका वाडीतली. तिने स्टोकरचा नियम घेतला आणि एक पेच वाढवला: दर वेळी नव्याने बोलावणं लागतं. पहिल्यांदा तो पावसात पाहुणा म्हणून येतो, घरची सून चहा करते. निघताना तो सगळ्यांसारखा म्हणतो, "येतो." आणि सून, जशी आपण सगळ्याच म्हणतो तशी, उंबरठ्यात उभी राहून म्हणते, "या." झालं, पुढच्या वेळचं बोलावणं मिळालं! मला अंगावर काटा आला. आजी तेवढी सावध असते. दिवेलागण झाली की ती कुणालाच "या" म्हणत नाही, नुसती मान हलवते, आणि सुनेला वाटतं म्हातारी माणूसघाणी आहे. ही गोष्ट मराठी घरातच घडू शकते. हे पुस्तक त्या सरांनी राक्षसाच्या आवाजात वाचलं.

पुढे कादंबरी ढेपाळते. मुंबईचा पोलीस अधिकारी येतो, प्रेमप्रकरण येतं, संवाद मालिकेतल्यासारखे होतात. कदाचित पुरस्कार मिळण्याइतकी ती नाहीच. पण हे म्हणायचा हक्क मला आता आहे, कारण मी तिथपर्यंत पोचलेय.

"चांगलं असतं तर प्रकाशकाने नसतं का काढलं?" हा प्रश्न आजही आला. अहो, अमेरिकेतल्या अमांडा हॉकिंग या लेखिकेचं हस्तलिखित कुणी घेत नव्हतं. 2010 मध्ये तिने आपल्या व्हॅम्पायर कादंबऱ्या स्वतः ई-बुक म्हणून टाकल्या, वर्षभरात दहा लाखांवर प्रती गेल्या आणि मग सेंट मार्टिन्स प्रेसने तिच्याशी करार केला. खप म्हणजे दर्जा नाही, कबूल. पण प्रकाशकाचा नकार म्हणजे तरी दर्जा कुठे? मराठीत भय-अद्भुत लिहिणाऱ्याला "आम्ही हा प्रकार करत नाही" एवढंच उत्तर मिळतं. काकांना तेवढंही मिळालं नाही. तीन ठिकाणी बाड पाठवलं होतं, पोच आली नाही. नंतर एकाने स्वतःहून फोन केला आणि "पॅकेज" सांगितलं. त्यात आयएसबीएनचे, म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकाचे, वेगळे पैसे लावले. आपल्या देशात आयएसबीएन सरकारी संस्थेकडून फुकट मिळतो! जन्मभर बॉयलरपुढे उभं राहिलेल्या माणसाच्या ग्रॅच्युइटीतून फुकटच्या नंबराचे पैसे घेतले, आणि वर विमानाचं ताणलेलं चित्र लावून दिलं. त्या चित्राला आपण हसतो. लाज त्या पैसे घेणाऱ्याला वाटायला हवी आणि न उघडता हसणाऱ्यालाही.

तर आता कामाचं. समितीने यादीवर माझी सही मागितलीय. फरशीवरची सगळी पुस्तकं किमान पन्नास पानं वाचली जात नाहीत तोवर मी सही करणार नाही, हे आज लेखी कळवलंय. बाहेरचे वाचक चालतील का, हेही त्याच पत्रात विचारलं आणि अध्यक्षांनी होकार दिलाय. गठ्ठा माझ्या बैठकीत आहे, सगळ्यांना कव्हरं घालून झालीत. सांगली-मिरजेत असाल तर येऊन दोन-दोन घेऊन जा. वाचून पान नंबरासकट लिहून द्या, आवडलं ते आणि फसलं तेही. सुळ्यांचं आज मिळणार नाही, माझी शेवटची साठ पानं राहिलीत.