दिसलं ते सांगणाऱ्याला उत्तर द्या

पोस्ट मोठी आहे, पण आकाशात काहीतरी अनोळखी दिसलं असं सांगणाऱ्यांचा हा विषय बरेच दिवस मनात साठलाय. वेळ काढून वाचा.

२०२२ चा गुढीपाडवा विदर्भ-खानदेशातल्या लोकांना आठवत असेल. २ एप्रिलची संध्याकाळ. पावणेआठच्या सुमारास आकाशातून जळते तुकडे एकामागोमाग एक, सावकाश सरकत गेले. उल्का इतकी रेंगाळत नाही, त्यामुळे बघणारे चक्रावले. कुणी म्हणालं विमान पेटलं, कुणी म्हणालं क्षेपणास्त्र. त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरी गावात, वस्तीजवळच्या मोकळ्या जागेत धातूची एक भली मोठी कडी सापडली. व्यास तीन मीटरच्या आसपास. पवनपारजवळ एक गोळाही मिळाला. पोलीस आले, महसूलचे लोक आले, वस्तू ठाण्यात जमा झाल्या आणि पुढे इस्रोचे शास्त्रज्ञ येऊन त्या पाहून गेले. अमेरिकेतले खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी कक्षेच्या हिशोबावरून लगेच सांगितलं होतं की हा चीनच्या ‘लाँग मार्च ३बी’ रॉकेटचा तिसरा टप्पा असावा. २०२१ च्या फेब्रुवारीत उडालेलं रॉकेट वर्षभर वर फिरत राहिलं आणि पाडव्याला आपल्या डोक्यावर उतरलं.

इथे सगळं मार्गी लागलं, कारण वस्तू हाती आली. वस्तू असली की पंचनामा होतो, रजिस्टरला नोंद होते, वरच्या साहेबांना फोन जातो. तीच कडी ताडोबाच्या जंगलात कुठेतरी पडली असती तर? उरले असते फक्त बघणारे. गावोगावच्या त्या लोकांनी काय पाहिलं, किती वेळ पाहिलं, कुठून कुठे गेलं, हे लिहून घ्यायला कोण येणार होतं?

माझं म्हणणं स्पष्ट आहे. आकाशात काहीतरी दिसलं असं सांगणाऱ्याचं म्हणणं नीट लिहून घेणं, तपासणं आणि जे निघेल ते त्याला परत कळवणं हे सरकारचं काम आहे. परग्रहावरून कुणी येतं का, हा प्रश्न मला यात फार मागचा वाटतो. कुणी येतं असं मला स्वतःला वाटत नाही. पण माणसाने डोळ्यांनी पाहिलेलं उडवून लावणं मला अजिबात पटत नाही.

आमच्या शेजारच्या काकूंनी गच्चीवर वाळवण काढताना दिव्यांची एक लांब माळ जाताना पाहिली. घरात सांगितलं तर मुलगा म्हणाला, “आई, चष्म्याचा नंबर वाढलाय.” काकू गप्प बसल्या. मी आकाशदर्शनाच्या कार्यक्रमांना मदत करते म्हणून दोन दिवसांनी हळूच मला विचारलं. मी त्यांना गच्चीवर नेऊन म्हटलं, काकू, जिथून निघाली तिथे बोट करा. त्यांनी बोट केलं, मग म्हणाल्या, “पाण्याच्या टाकीवरून निघाली, त्या पिंपळाच्या वरपर्यंत गेली आणि तिथे पोचली की एकेक दिवा विझायचा. सगळे त्याच जागी विझले.” यापेक्षा चांगली साक्ष कुठली? ती इंटरनेट पुरवणाऱ्या स्टारलिंकच्या उपग्रहांची माळ होती. प्रत्येक उपग्रह पृथ्वीच्या सावलीत शिरतो तिथे दिसेनासा होतो आणि रांगेतल्या सगळ्यांची सावलीत शिरायची जागा जवळजवळ एकच असते. काकूंना सावलीचं गणित माहीत नव्हतं, पण त्यांच्या डोळ्यांनी ते अचूक टिपलं होतं. चष्म्याचा नंबर काढून आपण तो पुरावा फेकून देत होतो.

आता दुसरी बाजूही सांगते, कारण बघणाऱ्याचं सगळंच खरं मानायचं असं मी म्हणत नाही. पाडव्याच्या घटनेचं जुळं भावंड म्हणावं अशी एक घटना ३ मार्च १९६८ ला अमेरिकेत घडली. सोव्हिएत ‘झोंड ४’ मोहिमेच्या रॉकेटचा भाग वातावरणात शिरून जळाला आणि कितीतरी राज्यांतल्या लोकांनी तो पाहिला. त्या वेळी कोलोरॅडो विद्यापीठात उडत्या तबकड्यांचा सरकारी अभ्यास चालू होता. त्या अभ्यासातले खगोलशास्त्रज्ञ विल्यम हार्टमन यांनी आलेली वर्णनं एकमेकांशेजारी ठेवून तपासली. बऱ्याच जणांनी बरोबर लिहिलं होतं: जळते तुकडे, मागे शेपट्या, आवाज नाही. पण काहींना दिसलं होतं ते सिगारच्या आकाराचं अख्खं यान, बाजूला उजेडाच्या खिडक्या, एवढंच काय, रिव्हेट मारून जोडलेले पत्रेसुद्धा. ही माणसं खोटं बोलत नव्हती. एका ओळीत, एकाच वेगाने चाललेले दिवे दिसले की मेंदू त्यांच्याभोवती काळ्या अंधाराचं यान उभं करतो. दिवे खिडक्या होतात. म्हणून विचारणारा तयारीचा हवा. “यान कसं होतं?” असं विचारलं की यानच मिळणार. “किती दिवे होते, त्यांच्यामधून चांदण्या दिसत होत्या का?” असं विचारलं तर उत्तर वेगळं येतं.

अमेरिकेच्या हवाई दलाने हे काम १९४८ पासून केलं. १९५२ पासून त्याचं नाव ‘प्रोजेक्ट ब्लू बुक’, ठिकाण ओहायोमधला राइट-पॅटरसन तळ. सुरुवातीचे प्रमुख कॅप्टन एडवर्ड रुपेल्ट होते. त्यांनी साक्षीदारांसाठी ठरावीक प्रश्नावली आणली. पण १९५२ च्या जुलैमध्ये वॉशिंग्टन शहरावर, रडारवरही, अनोळखी ठिपके दिसल्याचा गदारोळ झाला आणि सरकार धास्तावलं. धास्ती तबकड्यांची नव्हती. लोकांच्या फोनांनी यंत्रणा तुंबल्या आणि नेमकं त्याच वेळी सोव्हिएत विमानं आली तर काय, ही होती. शीतयुद्ध ऐन भरात होतं, त्यामुळे भीती अगदीच अनाठायी म्हणता येणार नाही. १९५३ च्या जानेवारीत सीआयएने रॉबर्टसन या भौतिकशास्त्रज्ञांच्या अध्यक्षतेखाली समिती बसवली. समितीने सल्ला दिला की लोकांचं या विषयातलं कुतूहल कमी होईल असं काहीतरी करा. माझ्या मते ब्लू बुक तिथेच बिघडलं. तक्रारींचा आकडा खाली आणायचा हे एकदा ठरलं की मग प्रत्येक साक्षीदार म्हणजे डोकेदुखी.

यातला मला सगळ्यात जास्त खुपणारा भाग यू-२ विमानांचा आहे. हे हेरगिरीचं विमान १९५५ पासून उडायला लागलं, साठ हजार फुटांच्याही वर. त्या काळी प्रवासी विमानं दहा ते वीस हजार फुटांवरून जायची. इतक्या उंचीवर माणूस विमान नेऊ शकतो हेच सामान्य वैमानिकाला ठाऊक नव्हतं. संध्याकाळी खाली अंधार पडलेला असायचा, पण वरच्या यू-२ च्या चंदेरी पंखांवर अजून ऊन असायचं. खालून जाणाऱ्या वैमानिकाला आकाशात खूप उंचावर काहीतरी झगझगीत पेटलेलं दिसायचं. तो प्रामाणिकपणे कळवायचा. ब्लू बुकची माणसं गुपचूप सीआयएकडे विचारणा करायची, उड्डाणांच्या नोंदींशी वेळ ताडून बघायची आणि उत्तर सापडायचं. पण ते त्या वैमानिकाला सांगता यायचं नाही. मग त्याला बर्फाचे कण, हवेतल्या तापमानाचे थर असलं काहीतरी कळवलं जायचं. हे मी ऐकीव सांगत नाही, सीआयएच्याच नियतकालिकात १९९७ मध्ये छापून आलेल्या अभ्यासात आहे. त्यात तर असंही म्हटलंय की पन्नासच्या दशकाचा शेवट आणि साठच्या दशकातल्या निम्म्याहून अधिक तक्रारी या गुप्त विमानांच्या होत्या. हा आकडा जास्त वाटतो असं म्हणणारे अभ्यासक आहेत, आणि मलाही तो जास्तच वाटतो. पण निम्मा सोडा, दहावा हिस्सा धरला तरी विचार करा. हजारो तास उडालेला माणूस, त्याने बरोबर पाहिलं, बरोबर सांगितलं, आणि सरकारने सगळं माहीत असून त्याला सांगितलं की तुला बर्फ दिसला.

गुपित राखू नका असं मी म्हणणार नाही. देशाला गुपितं लागतात. पण मग “याबद्दल आम्ही सांगू शकत नाही” एवढं म्हणा. खोटं कारण देऊ नका. कॅप्टन थॉमस मँटेल १९४८ च्या जानेवारीत केंटकीवर एका चकाकत्या वस्तूचा पाठलाग करताना विमान कोसळून गेला. आधी सांगितलं गेलं, तो शुक्र होता. नंतर बहुतेकांचं मत पडलं की तो नौदलाचा ‘स्कायहुक’ हा गुप्त फुगा होता. एक खोटं किंवा चुकीचं उत्तर उघडं पडलं की त्यानंतरची दहा खरी उत्तरंही कुणी मानत नाही. ‘सरकार लपवतंय’ ही अफवा एवढी टिकली, कारण सरकार खरोखर लपवत होतं, फक्त लोक समजत होते ते नव्हे.

मग १९६६ चा मार्च. मिशिगनमध्ये दोन रात्री लागोपाठ दलदलीच्या भागात दिवे दिसले, बघणाऱ्यांत शेतकरी कुटुंब होतं, पोलीस होते, कॉलेजच्या वसतिगृहातल्या मुली होत्या. हवाई दलाचे सल्लागार, खगोलशास्त्रज्ञ ॲलन हायनेक यांनी थोड्याच दिवसांत पत्रकार परिषदेत सांगितलं की दलदलीतल्या वायूचा उजेड असू शकतो. हायनेक शक्यता म्हणून बोलले होते. छापून आलं ते असं की या लोकांना दलदलीचा वायू कळत नाही. राज्य खवळलं. तिथले खासदार जेराल्ड फोर्ड, जे पुढे राष्ट्राध्यक्ष झाले, त्यांनी संसदेत सुनावणीची मागणी केली. त्यातूनच कोलोरॅडो विद्यापीठाला अभ्यासाचं काम मिळालं, प्रमुख एडवर्ड कॉन्डन. पण अभ्यास अर्धवट असतानाच कॉन्डन यांनी जाहीरपणे सूचित केलं की यात काही दम नाही. हार्टमनसारख्यांचं उत्तम काम त्या एका वाक्याखाली दबलं. अहवाल १९६९ च्या सुरुवातीला आला आणि डिसेंबरमध्ये ब्लू बुकला टाळं लागलं. एकूण नोंदी १२,६१८, उकल न झालेल्या ७०१.

हेच काम फ्रान्सने बरंच सरळ केलंय. १९७७ मध्ये त्यांनी अवकाश संस्थेतच, तुलूझला, यासाठी कक्ष काढला. आज त्याचं नाव जेपान. तिथे खेड्यातला माणूस ग्रामीण पोलिसांकडे जाऊन रीतसर जबाब देतो. तो जबाब कक्षाकडे जातो, गरज असेल तर तपासनीस जागेवर जातात. मग चारपैकी एक वर्ग मिळतो: नक्की उकल झाली, बहुधा झाली, माहिती अपुरी, किंवा माहिती चांगली असूनही उकल नाही. या शेवटच्या वर्गात थोडीच प्रकरणं उरतात. २००७ पासून त्यांनी नावं वगळून सगळ्या फायली लोकांसाठी खुल्या केल्या. “आम्हाला कळलं नाही” असं सरकारी शिक्क्याखाली लिहायला त्यांना कमीपणा वाटत नाही. मला या गोष्टीचं फार अप्रूप आहे.

आपल्याकडे हे जमत नाही असंही नाही. २०१२-१३ मध्ये लडाखला पँगाँग तलावाजवळ आपल्या जवानांना रात्री सीमेपलीकडून येणारे तेजस्वी गोळे दिसत होते. चिनी ड्रोन असणार असा संशय होता. जवानांनी ऑगस्ट ते फेब्रुवारीत तीनशेहून अधिक नोंदी केल्या. मग लष्कराने बेंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेला विचारलं. चांदण्यांच्या संदर्भात ते गोळे कसे सरकतात हे मोजलं गेलं आणि उत्तर मिळालं: एक गुरू, एक शुक्र. बातमी आली तेव्हा लोक जवानांवर हसले, मला त्याचा संताप आला होता. चौदा हजार फुटांवरच्या विरळ, स्वच्छ हवेत शुक्र केवढा झळाळतो हे ज्याने पाहिलं नाही त्यानेच हसावं. त्या जवानांनी कडाक्याच्या थंडीत वेळेसकट नोंदी ठेवल्या, म्हणून तर उत्तर सापडलं. तपास असाच असतो.

याउलट १९ नोव्हेंबर २०२३ ला इंफाळ विमानतळाजवळ अनोळखी वस्तू दिसली, काही तास उड्डाणं थांबली, हवाई दलाने राफेल पाठवली, हाती काही लागलं नाही. कुणी काय पाहिलं, किती उंचीवर, किती वेळ, हे सगळं मला जाहीरपणे वाचायला हवंय. विमानात बसणाऱ्या प्रत्येकाचा तो हक्क आहे.

बेंगळुरूला इस्रोचं अवकाश कचऱ्यावर नजर ठेवणारं केंद्र आहे. पोलीस ठाणी गावोगाव आहेत. या दोघांच्या मध्ये एक साधा फॉर्म आणि एक नंबर हवा, मराठीत, प्रत्येक राज्याच्या भाषेत. आणि आलेल्या प्रत्येक नोंदीला उत्तर. रॉकेटचे टप्पे आता वाढत्या संख्येने खाली येणार आहेत, ड्रोन तर लग्नातसुद्धा उडतात. हा प्रश्न कमी होणारा नाही.

तोवर आपण एवढं करू शकतो. काही दिसलं तर आधी घड्याळ बघा. हात लांब करून मूठ धरा: क्षितिजापासून किती मुठी वर होतं ते मोजा, एक मूठ साधारण दहा अंश. व्हिडिओ घेताना झूम करू नका, खांब किंवा छताची कड चौकटीत राहू द्या, नाहीतर फोकस सुटलेला शुक्रही थाळीएवढा दिसतो. दोघांनी पाहिलं असेल तर एकमेकांशी बोलण्याआधी वेगवेगळं लिहून काढा. आकार आणि अंतर अंदाजाने लिहू नका, रात्रीच्या आकाशात ते कुणालाच कळत नाही. आणि २०२२ च्या पाडव्याला ज्यांनी ते तुकडे स्वतः पाहिले, त्यांनी गाव, दिशा, किती तुकडे आणि किती वेळ हे मला खाली लिहून पाठवा. मी सगळं एकत्र करून नकाशावर मांडणार आहे आणि तो नकाशा इथेच टाकेन.