वाघ नाही दिसला. हत्ती दिसले. चालेल?

आता पुन्हा कुणी "वाघ दिसला का?" विचारलं ना, तर हातातली पोह्यांची प्लेट त्याच्या डोक्यावर पालथी घालीन. शेव आणि जीरावन मसाल्यासकट.

बांधवगडच्या व्याघ्र प्रकल्पातून इंदूरला येऊन आठ दिवस झाले, राजवाड्यापासून सुदामानगरपर्यंत सगळ्यांचा हाच प्रश्न. रानहत्तींचा कळप पाहिला म्हटलं की तोंडं अशी करतात, जणू मी जंगलात जाऊन म्हैस बघून आलोय. "अच्छा, हत्ती... ते तर झूमध्येही असतात की."

अहो, आपल्या मध्य प्रदेशात रानहत्ती दिसणं म्हणजे काय गंमत आहे? 2018 मध्ये सुमारे 40 हत्ती छत्तीसगडकडून चालत आले आणि बांधवगडचेच होऊन बसले. ऑक्टोबर 2024 मध्ये बुरशी लागलेलं कोदो नावाचं भरडधान्य खाऊन तिथे 10 हत्ती मेले, तेव्हा याच मंडळींना केवढा पुळका आला होता! ग्रुपवर नुसते रडके चेहरे. आता एकाला आठवत असेल तर शपथ.

पण परक्यांना काय बोलू? आमच्याच जिप्सीत काय कमी नग होते?

रात्रभर नर्मदा एक्सप्रेसमध्ये अवघडून उमरियाला उतरलो, दुसऱ्या दिवशी पहाटे थंडीत कुडकुडत आत शिरलो आणि नशिबानं समोर कळप. सगळ्या माद्या, मधोमध एक पिल्लू. त्याला स्वतःची सोंड अजून आवरत नव्हती, सारखी पायात येत होती. एक थोराड हत्तीण पाठीवर माती उडवत होती. मग एकदम थांबली. सोंड वर करून आमच्या दिशेनं वास घेतला. मी श्वास रोखून बसलेलो. आपल्याला ऐकूही येणार नाही इतक्या खालच्या सुरात हत्ती एकमेकांशी बोलतात, म्हणून ती गप्प दिसली तरी बाकीच्यांना काही सांगत असेल, असं मनात आलं...

आणि मेहुण्यांनी शिट्टी घातली! चांगली दोन बोटं तोंडात घालून. का, तर "तिनं इकडे बघावं, फोटो समोरून येईल."

बघितलं तिनं. कान फाकले, पिल्लू पोटाखाली गेलं आणि ती दोन पावलं पुढे आली. ड्रायव्हरनं गाडी जी मागे घेतली, ती थेट दुसऱ्या रस्त्याला. तिकडे म्हणे चितळाचा कॉल होता, म्हणजे वाघ जवळ असल्याचा इशारा. पुढचे दोन तास आम्ही नुसती धूळ खाल्ली. वाघाची शेपटीही नाही. वर मेहुण्यांचं ऐका: "अजून थोडी धावून आली असती तर काय व्हिडिओ मिळाला असता!" बायकोचा भाऊ आहे, म्हणून बोललो नाही. दातओठ खात बसलो.

काल लिफ्टमध्ये वरचे काका भेटले. "आलात का फिरून? वाघ..."

मी दुसऱ्या मजल्यावरच उतरलो. राहतो पाचव्यावर.