पाचशे रुपयांसाठी कोर्टात कोण जातं हो?

तुम्हाला ट्रॅफिकचं चलन आलंय, पाचशेचं, आणि तुमचं म्हणणं असं की तुमची चूक नव्हती. बरं. आता "मी भरणार नाही, मी कोर्टात जाईन" असं जे काही आत उसळतंय ना ते जरा दाबा, पाणीबिणी प्या आणि माझं ऐका. मी सध्या या विषयातली जाणकार आहे, कारण दुसरं काही करायला वेळच उरलेला नाहीये.

आधी मेसेज खरा आहे का ते बघा. व्हॉट्सॲपवर चलनाच्या नावाखाली एपीके फाइल, म्हणजे फोनमध्ये ॲप घुसवणारी फाइल, आली असेल तर उघडू नका, ते चोर आहेत, बँक खातं साफ करतील. खरं चलन सरकारी साइटवर गाडीचा नंबर आणि चासिस नंबरचे शेवटचे चार आकडे टाकले की दिसतं. चोरांची लिंक ओळखायची सोपी खूण म्हणजे ती पहिल्या फटक्यात उघडते.

दुसरं, चलनाचा फोटो बघू नका. अजिबात नाही. मी बघितला आणि तिथूनच डोकं फिरलं.

माझं चलन नो पार्किंगचं आहे. सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या संपल्या होत्या म्हणून मेडिकलसमोर स्कूटर लावली, आजूबाजूला पंधरावीस गाड्या लागलेल्याच होत्या, गोळ्या घेतल्या, निघाले. संध्याकाळी मेसेज. मी म्हटलं अहो तिथे नो पार्किंगचा बोर्डच नाहीये, म्हणून फोटो उघडला. तर फोटोत माझ्या स्कूटरची मागची बाजू, नंबर प्लेट एकदम स्पष्ट, आणि तिच्या मागे अख्ख्या फ्रेमभर कोण, तर भाऊ. आमचे भावी नगरसेवक. गॉगल, हात जोडलेले, गळ्यात बोटाएवढी चेन, वाढदिवसाच्या कोटी कोटी शुभेच्छा, आणि खाली शुभेच्छुकांची मुंडकी ओळीनं. फोटो झूम करून बघितला तेव्हा उजवीकडच्या एका शुभेच्छुकाच्या कानामागून निळ्या पत्र्याची लाल कडा डोकावत होती. तो बोर्ड! म्हणजे बोर्ड आहे, आहेच हो, फक्त भाऊंच्या पाठीमागे आहे. फ्लेक्स बोर्डाच्याच खांबाला सुतळीनं बांधलेला. आणि ज्यानं हा फोटो काढला तो माणूस तिथे उभा राहून, त्या फ्लेक्सकडे तोंड करून, माझी नंबर प्लेट फोकस करत होता. त्याला भाऊ दिसले नसतील? सहा फुटाचे भाऊ? बेकायदा फ्लेक्स लावणं गुन्हा आहे, विद्रुपीकरणाचा कायदा 1995 पासून आहे, मुंबई हायकोर्टानं 2017 साली सगळ्या महापालिकांना झापून आदेश दिले की हे होर्डिंग काढा, गुन्हे दाखल करा, तक्रारीसाठी नंबर ठेवा. पण फ्लेक्सला नंबर प्लेट नसते ना, मग चलन कुठे चिकटवणार? त्यात भाऊंना उद्या तिकीट मिळालं तर? स्कूटरवालीला कोण तिकीट देतंय.

असो. तर फोटो बघू नका.

तिसरा सल्ला तक्रारीबद्दल. ट्रॅफिक पोलिसांच्या ॲपमध्ये तक्रार करायची सोय आहे आणि ती अतिशय सुंदर आहे. कारण लिहा, पुरावा जोडा, सबमिट करा. मी सगळं केलं, त्यांच्याच फोटोवर कानामागच्या लाल कडेला गोल करून पाठवला. उत्तर आलं: तक्रार फेटाळली. बास. का फेटाळली, कोणी फेटाळली, फोटो उघडला तरी का, काही नाही. त्यामुळे माझं म्हणणं असं की तक्रारीत मनातलं काहीही लिहा, एखादी कविता लिहा, पाककृती लिहा.

चौथं, घरच्यांना सांगू नका. नवरा म्हणाला, "भरून टाक ना गं, पाचशेच आहेत." भावजी म्हणाले, "वहिनी, आपल्याला कोर्टाची पायरी नको." ऑफिसातल्या एकीनं तर थेट विचारलं, "तुला वेळ बरा मिळतो!" सगळे शहाणे आहेत, हिशोब बरोबर आहे त्यांचा. वकिलाची फी, अर्ध्या दिवसाची रजा, रिक्षा, चहा, हे सगळं धरून पाचशेच्या कितीतरी पट जातं. दंडाचा आकडा बघा किती विचार करून ठरवलेला वाटतो, दोन हजार असता तर माणूस भांडला असता, पन्नास असता तर हसला असता, पाचशे म्हणजे नेमकं चिडून भरून टाकण्याइतके.

आता यातली गंमत भावजींना कोणी सांगितलेली नाही. 2019 च्या दुरुस्तीत मोटार वाहन कायद्याच्या कलम 177 मधले शंभराचे पाचशे झाले आणि पुन्हा तोच गुन्हा केला तर तीनशेचे पंधराशे. महाराष्ट्रात नवे दर डिसेंबर 2021 पासून लागू आहेत. म्हणजे तुम्ही आज न केलेल्या चुकीचे पाचशे निमूट भरले की तुमच्या नावावर पहिला गुन्हा जमा, आणि पुढच्या वेळी दुसऱ्या कुठल्या भाऊंच्या मागे बोर्ड असला की तुम्ही सराईत. आणि एकदा भरलं की कलम 200 खाली प्रकरण मिटलं, मग उकरून काढता येत नाही. पण जाऊ दे, पाचशेच आहेत ना.

नाहीच भरलं तर प्रकरण व्हर्च्युअल कोर्टात जातं. महाराष्ट्रात 2020 मध्ये नागपूर जिल्ह्यातल्या काटोलपासून हे सुरू झालं, आणि खरं सांगायचं तर सोय चांगली आहे. घरबसल्या साइट उघडायची, तिथे दोन पर्याय: दंड मान्य आहे, किंवा लढायचंय. पहिला घेतलात तर दोन मिनिटांत पैसे जातात. दुसरा घेतलात तर व्हर्च्युअल संपलं, केस तुमच्या हद्दीतल्या खऱ्या कोर्टात. मान्य करणाऱ्याला घरबसल्या आणि नाकारणाऱ्याला तारखेला हजर.

कोर्टात जाताना गाडी नेऊ नका. का ते तिथली पार्किंग बघितलीत की कळेल.

लोक अदालतीची वाट बघा असंही कोणीतरी सांगेलच. दर वेळी नवा मेसेज फिरतो, चलनावर सूट, लगेच या. तिथे तडजोड होते, रक्कम कमी होऊ शकते, निवाडा अंतिम, त्यावर अपील नाही. फक्त चूक तुमची होती की नव्हती हे तिथे कोणी ठरवत नाही. किती देताय एवढंच. मेसेज आल्याआल्या पूर्ण पैसे भरणारा बावळट आणि वर्षभर झोपून राहिलेल्याला सवलत.

कायदा वाचू नका, हे तर सांगायलाच हवं. वाचलात तर काय होईल, तुम्हाला कळेल की कॅमेऱ्यानं पकडलं असेल तर 2021 पासूनच्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम 167ए प्रमाणे नोटीस 15 दिवसांत पाठवायची असते, स्पष्ट फोटो, तारीख, वेळ, ठिकाण सगळं हवं, कॅमेरा असल्याचा बोर्डही हवा. तुम्हाला कळेल की ज्या गुन्ह्याला फक्त दंडाचीच शिक्षा आहे त्याची कोर्टानं दखल घ्यायची मुदत सहा महिन्यांची आहे, नव्या नागरिक सुरक्षा संहितेत, म्हणजे फौजदारी खटले कसे चालवायचे त्या कायद्यात, कलम 514, आणि तरी लोकांच्या गाडीवर तीनचार वर्षांपूर्वीची चलनं अचानक उगवतात, तीही जुनी गाडी विकायला काढली की. तुम्हाला हेही कळेल की पोलिसांनी स्वतःच्या खासगी मोबाइलवर फोटो काढून नंतर सवडीनं चलनं टाकू नयेत असा आदेश वरिष्ठांनाच जुलै 2025 मध्ये काढावा लागला. हे सगळं कळून काय करणार? बीपी वाढणार. गोळ्या आणायला जाणार. गाडी लावणार.

मी विचारायला कोर्टात जाऊन आले. कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून माणसं उभी, बोर्डावर टाचणीनं लावलेली यादी. तिथल्या क्लार्कनं कागद बघितला आणि फार प्रेमानं म्हणाला, "मॅडम, पाचशेच आहेत ना? भरा आणि मोकळ्या व्हा." तोही!

नाही भरणार. जा.

बास झाला उपरोध. पाचशे माझ्याकडे आहेत हो, प्रश्न तो नाहीये. ट्रॅफिकवाल्यांनो, महापालिकावाल्यांनो, बोर्ड दिसेल असा लावणं हे तुमचं काम आहे, त्याच्यावर कोणी फ्लेक्स बांधला तर काढणं तुमचं काम आहे, काढता येत नसेल, भाऊंना घाबरत असाल, तर निदान त्या जागेवर चलन फाडू नका. इतकी साधी लाज नाही? आणि तक्रार फेटाळताना एक ओळ कारण लिहायला काय हात मोडतात? शाळेतला मास्तर पण पेपरवर लाल पेननं चूक कुठे ते दाखवतो. ज्याच्याकडे वकील नाही, रजा नाही, तो रोज डिलिव्हरी करणारा पोरगा कुठे जाणार दाद मागायला? त्याची दिवसाची कमाई तुम्ही एका फोटोत घेता आणि वर म्हणता कोर्टाचा रस्ता मोकळा आहे. मोकळा आहे कारण त्यावर कोणी जाऊच शकत नाही.

आणि "भरून टाक" म्हणणाऱ्यांनो, तुमच्या या समजूतदारपणावरच हे चाललंय. दर वेळी भरताय म्हणून कोणाला बोर्ड नीट लावायची गरज वाटत नाही. चूक नसेल तर एकदा तरी दुसरा पर्याय घ्या. फोटो सेव्ह करून ठेवा, त्याच दिवशी जागेवर जाऊन स्वतःचे फोटो काढा, आजूबाजूचं सगळं येईल असे, तक्रार फेटाळली त्याचा स्क्रीनशॉट ठेवा. वकील नसला तरी न्यायाधीशांपुढे स्वतः उभं राहून बोलता येतं, त्याला बंदी नाही.

आणि जे रोज राँग साइडनं ट्रिपल सीट येतात, सिग्नलला झेब्रावर चाक चढवतात, नंबर प्लेटचा एक आकडा वाकवून ठेवतात, त्यांनी हे वाचून लगेच उड्या मारू नयेत. तुमचं चलन बरोबर आहे. भरा.